पिवळा मडगार्ड

सोमवारची सुट्टी मिळाली,
गुणो गावड्याची मोटरसायकल मिळाली संध्याकाळपर्यंत,
म्हणून निघालो फोंड्याहून
तिरफळाच्या मागावर.

बदली होऊन चार वर्षं झाली,
गडहिंग्लजला गेलो की विचारतात,
काय खातोस रे तिकडे?
मी सांगतो, फिश-करी-राईस,
आणि त्यांना वाटतं हे एकाच पदार्थाचं नाव आहे.
मलाही तसंच वाटत आलंय.

गुणो म्हणाला होता,
तिसरा गिअर अडकतो,
घाई केलीस तर जास्तच अडकतो.
पुढचा मडगार्ड पिवळाधमक.
मला वाटलं, हौस असेल.

म्हार्दोळात जायांचे वळेसर विकायला बसलेल्या बाया,
शेजारी टपरी, पातळ भाजी, ऊन पाव, तळलेली मिरची.
पाव पातळ भाजीत बुडवला आणि धीर करून विचारलं,
बांगड्याची उडीदमेथी कुठे मिळेल?
टपरीवाल्याने माझ्याकडे पाहिलं,
ओल्या केसांनी देवळातून येणाऱ्या माणसांकडे पाहिलं.
आयज सोमार, म्हणाला.
आणि कप विसळायला लागला.

मंगेशीला गाड्यांची रांग. तिसरा गिअर अडकला.
बाणस्तारीच्या पुलावर उगाच थांबलो.
खाली मानशीच्या फळ्यांमधून खाजनात पाणी शिरत होतं,
एक बगळा त्याची वाट बघत उभा,
त्याला सोमवार नव्हता.

जुन्या गोव्याच्या धक्क्यावर
फेरीबोट अजून पलीकडे होती.
छत्रीवाली एक म्हातारी आली,
मडगार्डकडे बघितलं, माझ्याकडे नाही,
आणि मागे आडवी बसली.
गाल सुजलेला, दाढेत कापूस.
नदीकडे बोट केलं: ऊं.
मी काय म्हणणार?

दिवाडीच्या रस्त्यावर
उजव्या खांद्यावर थाप, म्हणजे उजवीकडे.
डाव्या, म्हणजे डावीकडे.
पाठीत गुद्दा, म्हणजे खड्डा.
खड्डे बरेच होते.

घराच्या बाल्कांवाशी उतरून तिने पाकीट उघडलं.
मग मी सगळं सांगितलं,
की मी पायलट नाही, बँकेत असतो,
ही गाडी गुणोची,
सकाळपासून तिरफळ शोधतोय, आणि आज सोमवार.
तिने कापूस काढून फडक्यात गुंडाळला.
आमका सोमार ना, म्हणाली.
मग म्हणाली, जेवलो?

चुलीवर कुंडलं होतं,
त्यात कालची कडी, रात्रभर निखाऱ्यावर आटून
इतकी दाट की पळी उभी राहावी.
बांगडा संपलेला, त्याचं डोकं तेवढं उरलेलं.
उकड्या तांदळाची पेज, बशीच्या कडेला मिस्कूट.
तिला खाता येत नव्हतं.
समोरच्या बाकावर बसून ती माझ्याकडे बघत राहिली,
मी घास घेतला की तिचा गळा हलायचा.

तिरफळ चावू नको, असं काहीतरी ती म्हणाली असावी.
सुजलेल्या गालातून नीट आलं नाही.
मी चावलं.
आधी काहीच नाही. मग ओठ गेले, मग जीभ,
मग मी काहीतरी बोललो
आणि ते मलाच कळलं नाही.
क्वितेरियाबाय (नाव दारावरच्या पाटीवर होतं)
गाल हाताने धरून हसली,
दुखतंय दुखतंय करत हसली.
दोघांच्याही तोंडात तोंड नव्हतं.

ऐंशी रुपये घ्यावेच लागले.
जेवण वेगळं, भाडं वेगळं, असा तिचा हिशेब.
मी बँकेतला, मला खोडता आला नाही.

परतीच्या फेरीत रेलिंगला टेकून उभा होतो.
जीभ हळूहळू परत येत होती,
मुंग्यांच्या वाटेने,
आणि तिच्यामागून कालच्या त्या बांगड्याची चव,
जो मी खाल्लाच नव्हता.

धक्का लागला. किक मारली.
गाडी मागून दबली.
कोणीतरी पिशवी मांडीवर घेतली, म्हणाला,
चल रे, रायबंदर.