एक की दोन

तीन वर्षांची हिनाको तोंड उघडून बसली
आणि मी मोजले. वर दहा, खाली नऊ.
आरशावर वाफ धरली होती. पुसला, पुन्हा मोजले.
खाली नऊच.

उजवीकडे एक दात रुंद,
मधोमध बारीक खाच,
दोघी बहिणी एकाच कोटात शिरून
एकच बटण लावून उभ्या असाव्यात तसा.

"जास्त आहे की कमी?" तिच्या आईनं विचारलं.
सातोए. रुमोईच्या बंदरावर हेरिंगची अंडी निवडणारी,
मोजण्यात न चुकणारी बाई.
जोडदात आहे, मी म्हणालो. दुधाचा आहे, पडेल.
पुढचं तेव्हा बोललो नाही.

पुढचं असं, की
असल्या दाताखाली पुष्कळदा
कुणी राहायला आलेलंच नसतं.
नेहमी नाही. पुष्कळदा.
चोवीस वर्षांत हा शब्द मी
इतक्या आयांच्या हातात ठेवलाय
की त्याच्या कडा झिजल्यात.

सातव्या वर्षी एक्स-रे काढला.
काळ्या फिल्मवर जबडा म्हणजे रात्रीची इमारत.
वरच्या मजल्यावर दुधाचे दात,
तळघरात एकेक पांढरा अंकुर, पाळी यायची वाट बघत.
एक सुळा तिरका, त्याला घाई.
आणि त्याच्या शेजारी,
जोडदाताच्या दुसऱ्या अर्ध्याखाली,
नुसतं हाड.
सातोए बराच वेळ तिथं बोट ठेवून होती.
"इथं दिवाच लावलेला नाही," ती म्हणाली.

दात पडतो कसा, ते मी मुलांना सांगतो.
खालून येणारा वरच्याची मुळं खात खात वर येतो.
मुलं हसतात. आया हसत नाहीत.
आणि ज्याच्यामागे कुणी येणारच नाही
तो आपला बसून राहतो.

हे ऐकून सातोएनं मास्क खाली ओढला,
जिभेनं दाखवला. खाली, डावीकडे,
तांदळाच्या कणीएवढा.
"हा अजून हलत नाही."
एकेचाळीस वर्षांच्या तोंडात
तिसऱ्या वर्षीचा दात.
तिला वाटत होतं, आपण नीट जपला म्हणून राहिला.
मी ते खोडून काढलं नाही.

दहाव्या वर्षी हिनाकोचा जोडदात काढला.
चिमट्यात धरून उजेडात पाहिला.
एका अंगाचं मूळ सुळ्यानं खाऊन संपवलेलं,
दुसऱ्या अंगाचं लांब, टोकदार, अखंड,
दार वाजलंच नाही अशा घरातल्या माणसासारखं
जागच्या जागी.

वरचा दात जोत्याखाली टाकायचा, खालचा छपरावर,
म्हणजे नवा सरळ येतो.
एवढं हिनाकोला पक्कं ठाऊक.
दवाखान्याच्या मागे गुडघाभर बर्फात उभी राहून
ओठातला कापूस सांभाळत तिनं विचारलं,
"एक मागायचा, का दोन?"

सातोएनं माझ्याकडे पाहिलं.
मी हातमोजे शोधू लागलो, जे माझ्या हातातच होते.

मग तिनंच ठरवलं आणि फेकला.
आवाज आला नाही.
छपरावर दीड हात बर्फ होता,
त्यात एक भोक पडलं असेल, खालून दिसलं नाही.

"काय मागितलंस गं?"

"काही नाही. सुळ्याला म्हटलं,
जरा सरकून बस."