अधिक हक्क

स्टॉक्टनच्या बँकेतली मुलगी म्हणाली,
चाळीस दिवस होऊ द्या,
कोर्टाची गरज नाही, रक्कम लहान आहे.
'लहान' हा शब्द तिने इतका हळू उच्चारला
की मामाच्या वतीने मीच ओशाळले.

आपल्याकडे तेराव्याला गोडाचं जेवण,
गेलेला सुटला, राहिलेले कामाला लागले.
कॅलिफोर्नियाचं सरकार जरा सावकाश रडतं.

एकेचाळिसाव्या दिवशी फॉर्म घेऊन बसले
त्याच्याच टेबलाशी,
ज्याच्या एका पायाखाली विजेच्या बिलाची घडी आहे.
मृताचं नाव: त्र्यंबक विनायक उकिडवे.
रकाना संपला, 'डवे' कुंपणाबाहेर राहिले.
बँकेत सहा हजार दोनशे बारा डॉलर, चाळीस सेंट.
मोटेलच्या रात्रपाळीचा शेवटचा चेक, न वटवलेला.
टोयोटा, डावीकडून चेपलेली;
तिचा फॉर्म वेगळा, खिडकीही वेगळी.
आणि एक आडकित्ता.
सुपारी त्याने एक्क्याण्णव साली सोडली,
आडकित्ता सोडला नाही.
मी लिहिलं: घरगुती वस्तू, अंदाजे शंभर.

मग ती ओळ आली.
मृताच्या मालमत्तेवर
माझ्याहून अधिक हक्क दुसऱ्या कुणाचाही नाही.
हे खोटं असल्यास मी शिक्षेस पात्र.

पेन तिथे अडलं.
मामाची बहीण म्हणजे माझी आई;
ती नाही, म्हणून मी.
त्याला शेवटचं भेटले त्याला नऊ वर्षं झाली,
साक्रामेंटोच्या विमानतळावर, पाऊण तास,
त्यातली वीस मिनिटं तो पार्किंग शोधत होता.

भिंतीपलीकडे एरलिंडा बाउतिस्ता भात लावत होती.
त्याची किल्ली तिच्याकडे.
कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर,
गूळ किती घातला की तो 'हं' म्हणायचा,
हे सगळं तिच्याकडे.
'आमती' म्हणते ती, ट तिला जमत नाही.
त्या सकाळी दार तिनेच उघडलं होतं.

मी विचारलं, तुम्ही त्याच्या कोण?
शेजारी, ती म्हणाली,
आणि कोरडे हात पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

पार्सलच्या दुकानात, खोकी आणि चिकटपट्ट्यांच्या मध्ये,
नोटरीने विचारलं, हे सगळं खरं आहे?
मी म्हटलं, कायद्याने, हो.
तो म्हणाला, तेवढंच विचारतोय.
पंधरा डॉलर. शिक्का जरा तिरका बसला.

पैसे अकरा दिवसांत आले.
अर्ध्या रकमेचा चेक मी एरलिंडाच्या नावे लिहिला.
चार महिने झाले, तिने तो बँकेत टाकलेला नाही.
म्हणजे ते पैसे अजून माझेच.

आडकित्ता मात्र तिने त्याच दिवशी मागून घेतला.
सुपारी खात नाही.
लसूण फोडायला बरा पडेल, म्हणाली.