मार्तंड छाप

हकीमुद्दीनभाईने पत्रा पालथा घातला होता.
वर कुकरच्या शिट्ट्या, नळाच्या चाव्या, एक मोडका तराजू.
आधी तराजूकडेच नजर गेली, सवयीने.
एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली,
खोट्या मापांना शिक्का नाकारत.
मग पत्रा उलटला.

निळं एनॅमल. कोपऱ्यात गंज.
मधोमध पितळी स्टोव्ह, भोवती सूर्याचे किरण,
आणि एक बाई, नाकात टपोरी नथ,
हसते आहे, पण ज्वाळेकडे बघत नाही.
खाली : मार्तंड स्टोव्ह.
धूर नाही, काजळी नाही, कुरकुर नाही.
सियागंज, इंदूर.

"साब, ये लोहे के भाव नहीं जाएगा."
साडेसातशे म्हणाला. मी चारशे म्हटलं.
पण पत्रा एव्हाना माझ्या काखेत होता
आणि ते त्यालाही दिसत होतं.

घरी भिंतीला जागा नाही.
बैठकीत त्रेचाळीस स्टोव्ह, एकही न पेटणारे,
कॅलेंडरवर, टिपकागदावर, काड्यापेटीच्या छापावर,
एक तर हातपंख्यावर, ज्याने वारा घ्यायचा
आणि घेता घेता स्टोव्ह घ्यायचं ठरवायचं.
मुलगी म्हणते, बाबा, लोक निदान खरे स्टोव्ह तरी जमवतात.
मी म्हणतो, खऱ्याला पुसावं लागतं.

मार्तंडच्या टाकीखात्यातले एकटे खासगीवाले उरलेत,
स्नेहलतागंजात, लेकीकडे. ऐकू कमी येतं.
म्हणतात, तो फरफराट चाळीस वर्षं कानात घेतला, दुसरं काय होणार.
त्यांनी सांगितलं : मालकांनी स्वीडनचा एक स्टोव्ह
गादीवर पंचा पसरून उघडला, बेडूक उघडावा तसा.
टाकी जमली, पंप जमला, चामड्याचा वायसरही जमला.
निपलचं भोक जमेना.
केसाएवढं. जरा मोठं झालं की भडका, लहान झालं की रुसवा.
शेवटी सराफ्यातून मोती विंधणारा आणला.
नथींचे मोती विंधणारा हात
पितळ विंधायला बसला, दिवसाला साठ.

प्रत्येक टाकी हौदात बुडवायची, पंप मारायचा.
बुडबुडा आला की परत डाग द्यायला.
"बुडबुडा खोटं बोलत नाही," म्हणाले,
आणि मला माझं खातं आठवून उगाच बरं वाटलं.
पुढे कथील महागलं. हौद कोरडा पडला.
कोणत्या साली, मी विचारलं.
त्यांनी चहा बशीत ओतला, फुंकला, पुन्हा कपात ओतला.
एवढंच म्हणाले, त्याच साली जाहिराती मोठ्या झाल्या.

माझ्याकडे एक कात्रण आहे, पुठ्ठ्यावर न चिकटवलेलं.
पुढच्या बाजूला मार्तंड, सणासुदीची सवलत, वायसर मोफत.
मागच्या बाजूला सहा ओळी :
स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा अंत.
शरयू. आत्येबहीण. वय बावीस.
मला सायकल शिकवली होती तिने, छावणीच्या मैदानावर,
मागून धरलंय असं सांगून कधीच सोडून दिलेली.
त्या काळी पुष्कळ काही स्टोव्हच्या नावावर खपायचं.
तो स्टोव्ह खोटा होता की साक्ष,
कोणी मोजलं नाही.
मी तेव्हा बाजारात किलोची वजनं तपासत होतो.

रविवारी पत्रा खासगीवाल्यांकडे नेला.
त्यांनी चष्मा पुसला, बाईला ओलांडून
बोट थेट बर्नरवर ठेवलं, नखाने खरवडलं,
पुन्हा खरवडलं.
"भोकच नाही काढलं चित्रकाराने," म्हणाले.
"हा जन्मात पेटायचा नाही."

मी म्हटलं, बरं झालं.
त्यांना ऐकू गेलं नाही.
"काय?" म्हणाले.
"छान रंग आहे," मी मोठ्याने म्हटलं.