सांधा

अठरा वर्षं लिव्हिओ जहाजं जोडतोय
आणि आज पहिल्यांदा तिकीट काढून जहाजात चढतोय.
त्रिएस्तेच्या धक्क्यावर, रांगेत, मिर्नानं विचारलं,
"हे तू बांधलंस?"
"मी आणि आणखी तीन हजार जणांनी."
"मग त्यातलं तुझं कुठलं?"
रांग सरकली, बॅगेचं चाक फटीत अडकलं,
उत्तर राहून गेलं.

पैसे कसे साठले ते सांगत बसत नाही.
बेकरीतले माझे रविवार होते त्यात,
त्याच्या रात्रपाळ्या,
आणि सासऱ्यांची मोपेड.

खोली अकरा पावलांची. मी मोजली.
दोन बिछाने भिंतीतून खाली उतरणारे,
खिडकी नाही, खिडकीच्या जागी समुद्राचं चित्र.
एलिओ वरच्या बिछान्यावर चढला आणि जाहीर केलं,
"मी आता इथंच राहणार. शाळेला कळवा."

जेवणाच्या दालनात एवढं काय काय मांडलेलं,
आणि पोरांनी मागितला पास्ता.
नुसता. लोणी घालून.
मी पाव बोटानं दाबून पाहिला, खोडच ती.
वरून खरपूस, आत दमट.
घाई झाली होती कुणाचीतरी.
पहाटे तीनला उठलं असणार कुणीतरी, माझ्यासारखं,
फक्त पाण्याच्या पातळीखाली.
मी तो पाव संपवला.

मग दक्षिणेचा वारा सुटला.
मिर्ना तीनदा ओकली,
त्यातलं एकदा माझ्या नव्या पांढऱ्या चपलांवर.
"समुद्राला सांग ना, पुरे म्हणून,"
म्हणत माझा हात घट्ट धरून झोपली.
गेल्या वर्षापासून रस्ता ओलांडतानासुद्धा
हात देत नाही ही मुलगी.

तिसऱ्या दिवशी एलिओ हरवला.
बावीस मिनिटं.
सगळे गालिचे निळे,
सगळी दारं एका आईच्या पोटची,
मी धावत होते आणि पुन्हा पुन्हा
त्याच आरशातल्या त्याच बाईला भेटत होते.
लिव्हिओ धावला नाही.
क्षणभर डोळे मिटून उभा राहिला,
वीज गेल्यावर माणूस आपल्या घरात उभा राहतो तसा.
त्यानं पाहिलेलं जहाज
गालिचा आणि दिव्यांच्या आधीचं,
उघड्या फासळ्या, लोंबत्या केबली.
त्या जहाजातून चालत तो सरळ
एका लोखंडी दारापाशी गेला, ढकललं.

आत, घड्या केलेल्या टॉवेलांच्या ढिगावर, एलिओ.
शेजारी रोवेना, आमच्या मजल्याच्या खोल्या आवरणारी,
त्याला बिस्किट देऊन फोनवर
आपला मुलगा दाखवत होती, सेबूतला, ह्याच्याच वयाचा.
"त्याला जहाज बघायचंय," म्हणाली,
आणि उठून उभी राहिली, चूक झाल्यासारखी.
मला काहीच बोलता आलं नाही.
मी आभार मानले. तिनं टॉवेल उचलले.

परतताना, चौथ्या मजल्यावर,
बर्फाच्या मशीनशेजारी लिव्हिओ थांबला.
भिंतीवर तळहात टेकला.
"इथं. ह्याच्या मागे. फेब्रुवारी होता.
चार दिवस उताणा पडून एकच सांधा."
एलिओनं भिंतीला कान लावला.
"दिसत का नाही?"
"हे दिसण्याचं काम नाही."
पोरानं नखानं तिथं एक बारीक रेघ ओढली.
एरवी मी ओरडले असते.

शेवटच्या पहाटे डेकवर, एका ब्लँकेटमध्ये तिघं.
डावीकडे धुक्यात मोन्फाल्कोनेची क्रेन,
तिच्याखाली पुढचं जहाज:
अर्धं, तांबूस, अजून डोकं न बसवलेलं.
त्याच्या पोटात एक निळी ठिणगी पेटली, विझली, पेटली.
मुलांनी दोन्ही हात हलवले. मीही.
लिव्हिओनं हात खिशातच ठेवले.
"उद्या सहाला," एवढंच म्हणाला,
आणि मिर्नाच्या बुटाची नाडी सुटली होती
ती बांधायला खाली वाकला.