टोपणाचा रंग

सर्दीच होती, ओयुंगेरेल सांगते. साधी सर्दी.
बायनखोशूच्या चढावर हिवाळ्यात
कुणाचं नाक वाहत नाही?
उलानबातरचा सगळा धूर आधी आमच्या पोरांच्या नाकात.
पाचव्या सकाळी तुगुल्दुरचा डावा डोळा
वाफवलेल्या बूझसारखा फुगलेला, जांभळट, मिटलेला.
डास चावला असेल, म्हणाली शेजारीण.
उणे तीस अंशात
डास!

डॉक्टरांनी चिठ्ठीचा कोपरा फाडला,
दिव्यापुढे धरला.
नाक आणि डोळा, मधली भिंत एवढीच,
पलीकडचा उजेड दिसावा इतकी.
पू तिच्या पलीकडे गेलाय,
डोळ्याला मागून रेटतोय.
ओयुंगेरेलनं तो कपटा उचलला
आणि अंगरख्याच्या आतल्या खिशात ठेवला.
का, ते मी विचारलं नाही.

माझं काम सोपं. सलाइन बघायचं,
आणि दर तासाला पेनाचं लाल टोपण
आधी उजव्या डोळ्यापुढे,
मग दोन बोटांनी डावी पापणी उचलून.
कुठला रंग?
लाल.
आता?
लाल.
अकराच्या फेरीला तो वैतागला,
सहा वर्षांचा माणूस:
तुला अजून पाठ नाही झालं?

तिथंच मला धसका बसला.
पाठ त्यालाच झालं असेल तर?

म्हणून दोन वाजता वेगळं विचारलं,
दोन्हीकडचा लाल सारखाच आहे का रे?
तो गप्प. पुन्हा इकडून बघितलं, पुन्हा तिकडून.
नाही, म्हणाला,
हा जुना लाल आहे.
धुऊन धुऊन विटलेला.

फोनपर्यंत मी चालत गेले की पळत, आठवत नाही.
स्ट्रेचरचं एक चाक कुरकुरत होतं, एवढं आठवतं.
नाकातूनच वाट काढली डॉक्टरांनी,
चेहऱ्यावर ओरखडासुद्धा नाही.
बाहेरच्या बाकावर ओयुंगेरेल
एक हात छातीशी, कपट्यावर,
आणि दुसऱ्या हातात त्याचे बूट,
उलटसुलट धरलेले.

चौथ्या दिवशी पापणी
दाराला फट पडावी तशी उघडली.
मी रात्रपाळी संपवून कोट चढवत होते,
तर हा टोपण घेऊन पलंगावर उभा.
तळहातानं माझा एक डोळा झाकला,
हाताला गोड औषधाचा वास.
कुठला रंग?
लाल, मी म्हटलं.
बघून सांग, म्हणाला.

मग मी बघितलं.