गुरुवारचं दळण

धुळ्याच्या डॉक्टरांनी गव्हावर काट मारली.
मी विचारलं, बट्टी?
ते म्हणाले, बट्टीसुद्धा.
आणि खापरावरचे मांडे? वर्षातून एकदा, आखाजीला?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मग नाशिकहून योगेशचं खोकं आलं.
बारा पाकिटं. प्रत्येकावर गव्हाची ओंबी
आणि ओंबीवर तिरकी रेघ,
जणू तिनं कुणाचा खून केलाय.

पाव कापला, तर सुरीखाली भुगा.
शेवया पाण्यात सोडल्या. पाकीट म्हणत होतं आठ मिनिटं,
सहाव्या मिनिटाला पातेल्यात खळ.
दुसऱ्या दिवशी तीच डब्यात भरून शाळेत नेली,
चौथीच्या पोरांनी तिनं पतंग चिकटवले.
ते पतंग अजून फाटलेले नाहीत.

बिस्किटांच्या वेळी शेजारची दगुबाई आली.
"हाई काय शे?"
एक तोंडात टाकून ती बराच वेळ चावत राहिली,
उंबऱ्याकडे बघत.
"मास्तरीणबाई, लाकूडना भुसा शे.
पन गोड भुसा शे."
किंमत विचारली. पाकीट दोनशे चाळीसचं,
मी साठ सांगितलं.
साठ ऐकून तिनं हातातलं अर्धं
परत पाकिटात ठेवलं.

शेवटचं पाकीट काळं, चकचकीत.
ज्वारीचे क्रिस्प्स, मिरी आणि समुद्री मीठ.
फोडलं, आणि वास आला
दगुबाईच्या गच्चीचा, माघातल्या उन्हाचा,
खाटेवर अंथरलेल्या जुन्या लुगड्याचा.
आम्ही दोघींनी एक एक उचलला,
उलटा करून पाहिला.
"मना बिबडा," ती म्हणाली, "नोकरीले लागना!"
आणि हसता हसता तिला ठसका लागला.

मला वाटलं, सुटले.
कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत,
आपल्या घरात कुठे तिरकी रेघ?
तीन आठवडे पोटभर जेवले.
चौथ्या आठवड्यात पोट पुन्हा नगाऱ्यासारखं,
तोंडात फोड.
डॉक्टरांनी एवढंच विचारलं, पीठ कुठे दळता?

हिलालआप्पांच्या गिरणीत. अमळनेरात सगळे तिथेच.
माझ्या ज्वारीआधी कुणाचे पाच किलो गहू,
त्याआधी कुणाचे दहा.
पट्ट्यावर, भिंतीवर, आप्पांच्या भुवयांवर
ती पांढरी धूळ.
चाळीस वर्षं मी तिला
गिरणीचा रंग समजत होते.

आप्पांना तो इंग्रजी शब्द कळला नाही.
दोनदा सांगितला, तिसऱ्यांदा मलाच लाज वाटली.
त्यांनी मधेच थांबवलं,
"पोरी, गहू तुले बाधस का?"
बाधतो, आप्पा.
"मंग तसं सांग ना."

आता बुधवारी रात्री ते दगड उघडतात,
खराट्याच्या काडीनं खाचा कोरतात.
गुरुवारी साडेसहाला आधी स्वतःची दोन किलो ज्वारी
दगड धुवायला म्हणून घालतात,
ती म्हशीला जाते.
मग माझा डबा.
दारावर खडूनं लिहिलंय:
गुरुवारी सकाळी गहू आणू नये.
कारण विचारू नये.

तरी पिशवीत एक पाकीट असतंच.
परवा पारोळ्याला नणंदेच्या मुलाचं लग्न,
पंगतीत वरण-बट्टी, तुपाचं भांडं फिरतंय,
लोक बट्ट्या कुस्करतायत.
मी पाकीट फोडलं.
एवढ्या गलक्यातही तो कागद वाजला.
शेजारचा पोरगा, पाच-सहा वर्षांचा,
म्हणाला, मला एक.
दिलं.
त्यानं कोपरा चावला, थोडा विचार केला,
आणि शहाण्यासारखं उरलेलं
माझ्या पानात ठेवलं.
त्याच्या बोटांना तूप होतं, बट्टीचा रवा होता.

वाढपी पुढे गेल्यावर
मी तो तुकडा रुमालात बांधला
आणि ते पान तसंच ठेवून
हात धुवायला उठले.