आठ रुपये

ओपन ऑफर दोनशे बाराची.
बाजारात भाव दोनशे चार.
मधल्या आठ रुपयांत काय राहतं,
हे हत्तुरेला विचारलं, नव्या पेठेत,
त्याच्या दुकानवजा ऑफिसात, पंख्याखाली.
"शंका राहते, यमुलमामा. बाकी काही नाही.
मंजुरी आली की शंकेचे पैसे होतात.
नाही आली, तर भाव पुन्हा एकशे एकतीस."

सहाशे चाळीस शेअर.
चौऱ्याण्णव साली कामगार कोट्यातून, दहाला एक,
राजमणीच्या पाटल्या मोडून.
थांबलो तर वर पाच हजार एकशे वीस.
फसलं तर खाली शेहेचाळीस हजार सातशे वीस.
शेंगाचटणीच्या पुडीच्या कागदावर हे मांडलं.
तेलाने आकडे पसरले,
तरी खालचा आधी दिसत राहिला.

श्यामला पुण्याहून म्हणते, बाबा, होल्ड करा,
एवढी मोठी पार्टी माघार घेते का?
मैनोद्दीन काहीच म्हणत नाही.
त्याने त्याचे केव्हाच विकले, पन्नासला,
पोरीच्या लग्नात.
भाव चढल्यापासून
तो चहाला येत नाही.

घरात आम्ही आगु म्हणतो, तेलुगूत.
दाराबाहेर थांब.
दोन्हीकडे एकच शब्द दोन कामं करतो:
वाट बघ,
आणि बंद पड.
बत्तीस वर्षं जॉबर होतो मी.
थांबलेला माग कोणत्या अर्थाने थांबलाय
हे हात लावल्याशिवाय कळत नाही.

मागावर चढलेला माल
सूत म्हणून विकता येत नाही, टॉवेल म्हणूनही नाही.
तशी आहे आता कंपनी.
गेटवरच्या पोराला विचारलं, तुझा मालक कोण?
म्हणाला, एक तारखेला कळतं.

काल रात्री जेवणानंतर स्कूटर काढली.
एवढ्या रात्री कुठं?
मेडिकलात, म्हटलं.
अक्कलकोट रोड, एमआयडीसी, शेडची मागची भिंत.
बाभळीखाली इंजिन बंद केलं.
मे महिन्यातली भिंत, अकरा वाजताही
भाकरी उतरवलेल्या तव्यासारखी.
कान लावला.
चोवीस माग होते माझ्या हाताखाली,
त्यांना मोजायला डोळे लागत नाहीत.
सहा नंबर जरा लंगडतो, तो चालू होता.
चौदा आणि पंधरा एकमेकांशी बोलतात,
ते गप्प.
मोजले. कान बदलून पुन्हा मोजले.
नऊ.

हे नऊ कुठल्या पत्रकात नव्हते.
ऑफरच्या कागदात क्षमता होती, भवितव्य होतं,
आणि अकरा एकर जमीन, हमरस्त्याला लागून.
म्हणजे जमिनीसाठी ते येणारच?
की नऊ ऐकून तेही पळतील?
भिंतीने आकडा सांगितला,
अर्थ सांगितला नाही.

सकाळी सव्वानऊला फोन केला. विक.
"सगळे?"
सगळे.
दोनशे तीन चाळीस.
एक लाख तीस हजार एकशे शहात्तर, दलाली वजा.
साठ पैसे तर मी निर्णय घेईपर्यंतच गेले.
राजमणीला मेसेज वाचून दाखवला,
वर पाटल्यांचा विषयही काढला.
ती म्हणाली, चहा गार होतोय.

आज रात्री पुन्हा औषध संपलं.

भिंत तशीच तापलेली.
बाभळीवरून काहीतरी उडालं, मग शांत.
सहा लंगडत होता.
मोजले.
दहा.

कान बदलला.
दहाच.
चौदा नंबर बोलत होता,
पंधरा ऐकत नव्हता तरी.